उमेदवारी केवळ कागदावर नको

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले, त्यात वरच्या वर्गांच्या शिक्षणावर एक नेमका आक्षेप होता. हे शिक्षण तरुणांना नित्याच्या व्यवहारासाठी सिद्ध करीत नाही. त्यातून कारकून आणि शिक्षक तेवढे निपजतात, असे त्यांचे म्हणणे होते. आज त्या जागाही पूर्वीसारख्या निघत नाहीत. आक्षेप मात्र उभाच आहे. हिशेबशास्त्रात उत्तम गुण मिळविलेला वाणिज्य पदवीधर बँकेच्या पासबुकाशी दुकानाची रोकडवही जुळविताना अडखळतो. मालक अनुभव मागतो आणि नोकरीवाचून अनुभव मिळत नाही, अशा पेचात तो सापडतो.

या पेचावर उपाय म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामातून शिक्षणाचा पुरस्कार केला. त्याला अनुसरून महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला चार श्रेयांकांचे, म्हणजे सुमारे १२० तासांचे, स्थान मिळाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि जागा शोधण्याची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकली, तर काय होते हे सांगण्यास ज्योतिषी नको. ओळखीच्या दुकानाचा शिक्का, मालकाची सही आणि छापील अहवाल, एवढ्यावर उमेदवारी पार पडते.

वस्तुतः अनुभव आणि शिक्षण एक नव्हे. प्रत्येक अनुभव सारखाच शिक्षणप्रद नसतो, असा इशारा अमेरिकन विचारवंत जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच दिला होता. पतसंस्थेत महिनाभर फायली लावणारा विद्यार्थी फायली लावण्यास शिकेल. परंतु एखादे कर्जप्रकरण नामंजूर का झाले, तारण कमी पडले की उत्पन्नाचा पुरावा, हे त्याने व्यवस्थापकाकडून समजून घेतले आणि वर्गात येऊन प्राध्यापकांशी त्याची चर्चा केली, तर जोखीम या संकल्पनेचा अर्थ त्याला आयुष्यभर पुरेल. फरक तासांचा नाही, मार्गदर्शनाचा आहे. पिलानीच्या बिर्ला तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालविले, त्यात विद्यार्थी उद्योगात जातो, परंतु संस्थेच्या अध्यापकांची देखरेख सुटत नाही. त्या प्रयोगाचे मर्म येथेच आहे.

दुसरा प्रश्न खर्चाचा. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, जे कौशल्य कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडते, त्याचा खर्च मालक सहसा सोसत नाही. कारण शिकून तयार झालेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. साहजिकच तो भार कमी वेतनाच्या रूपाने शिकणाऱ्यावर पडतो. ज्याच्या घरी दोन पगार येतात, त्याला बिनपगारी उमेदवारी परवडते. सुट्टीत शेतावर राबणाऱ्या किंवा रात्रपाळी करून फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला ते १२० तास म्हणजे बुडालेली मजुरीच होय. म्हणजे विषमता कमी करण्यासाठी योजलेला उपाय विषमता वाढवू शकतो.

या प्रश्नाची जाण महाराष्ट्राला नवी नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरिबांच्या मुलांना शिकविले. त्यांच्या दृष्टीने श्रम ही शिक्षणाची किंमत होती आणि शिक्षणाचा भागही. त्यात श्रमाला मोल होते, ही गोष्ट महत्त्वाची.

कायद्याची वाट तर खुली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन कला व वाणिज्य शाखांच्या पदवीधरांनाही उमेदवारीचे दार उघडले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, ठरावीक मर्यादेपर्यंत, शासनाने उचलण्याचे तत्त्व मान्य केले. हेच तत्त्व पदवीच्या वर्षांतील कार्यप्रशिक्षणाला लावण्यास हरकत नसावी. त्याबरोबर विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापकाचा वेळ त्याच्या कार्यभारात मोजला गेला पाहिजे. तालुक्यातील दूधसंघ, बाजार समिती, औद्योगिक वसाहत व नगरपालिका यांच्याशी करार महाविद्यालयाने करावेत. विद्यार्थ्याने दारोदार फिरू नये.

उद्योजकांनीही केवळ तक्रार करून चालणार नाही. तयार माणूस हवा असेल, तर त्याला तयार करण्यात वाटा उचलावा लागेल. शासन, महाविद्यालय आणि मालक या तिघांनी आपापला भार घेतला नाही, तर तो सारा विद्यार्थ्याच्या खांद्यावर येईल. मग पदवीच्या कागदासोबत आणखी एक शिक्क्याचा कागद त्याच्या हाती पडेल. आणि नोकरीच्या दारात त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल.