बटण दाबल्याचा पहिला क्षण

दिवाळीच्या दिवसांत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती संध्याकाळी फेरी मारणाऱ्याला रोषणाई दिसते. त्या रोषणाईमागे वायरमनची जी धावपळ चाललेली असते ती काही दिसत नाही. दादर-परळकडच्या कोणत्याही मुरलेल्या वायरमनला विचारा, तो तुम्हांला एक कोडे घालील. मंडपात चाळीस एलईडी दिवे लावले. प्रत्येक दिवा ५० वॅटचा, म्हणजे एकंदर २,००० वॅट. आपल्याकडचा दाब २३० व्होल्ट. हिशेब केला तर प्रवाह साधारण दहा अँपिअर होतो. खटका बसवला सोळा अँपिअरचा. म्हणजे जागा भरपूर उरली. तरीसुद्धा बटण दाबताच खटका खाली पडतो! पुन्हा वर केला की कधी राहतो, कधी राहत नाही. आणि एकदा का राहिला, की मग रात्रभर दिवे बिनतक्रार जळतात. आता यात दोष कोणाचा? दिव्यांचा, तारेचा, की खटक्याचा?

तिघांचाही नाही. दोष आपल्या हिशेबाचा आहे. दहा अँपिअर हा दिवे चालू झाल्यानंतरचा आकडा. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणाचा हिशेब आपण मांडलाच नाही.

एलईडी दिवा काय, मोबाईलचा चार्जर काय, शाळेतला संगणक काय, या सगळ्यांच्या पोटात वीजपुरवठ्याचा एक छोटा भाग असतो. बाहेरून येणारी उलटसुलट वीज तो आधी एका दिशेची करतो आणि एका कंडेन्सरमध्ये साठवतो. आजकाल याला कपॅसिटर म्हणण्याचा प्रघात आहे. खेड्यातले मोटर दुरुस्त करणारे अजून कंडेन्सरच म्हणतात, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. हा कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण समजा. भरलेल्या रांजणात थोडे थोडे पाणी घालावे लागते, पण रिकामा रांजण नळाखाली धरला तर पाणी धो धो आत शिरते. रिकाम्या कंडेन्सरचा विजेला जवळजवळ काहीच विरोध नसतो. २३० व्होल्टचा दाब लाटेच्या शेंड्यावर ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. त्याला अडवायला फक्त तारांचा किरकोळ रोध उरतो. एका साध्या उपकरणातसुद्धा त्या क्षणी वीस-तीस अँपिअरचा लोंढा आत येऊ शकतो. तो टिकतो एका सेकंदाच्या हजारांश भागांपुरता. पण चाळीस दिव्यांचे लोंढे एकाच क्षणी आले, तर खटक्याने बिचाऱ्याने काय समजावे?

घरगुती खटक्यांत बी, सी आणि डी असे वर्ग असतात. बी वर्गाचा खटका आपल्या आकड्याच्या तीन ते पाचपट प्रवाहाला झटकन पडतो, सी वर्गाचा पाच ते दहापट, डी वर्गाचा दहा ते वीसपट. लोंढा फारच क्षणिक असेल तर पडायला याहून मोठा आकडा लागतो. म्हणून मंडपाच्या कोड्याला दोन उत्तरे आहेत. दिव्यांचे तीन-चार गट करून ते एकामागून एक लावावेत, किंवा तार तेवढ्या ताकदीची असल्यास सी वर्गाचा खटका बसवावा. सोळाचा काढून बत्तीसचा लावणे हे मात्र उत्तर नव्हे. त्याने खटका वाचतो आणि तार जळते.

आता, कधी पडतो आणि कधी राहतो, हे का? आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते. बटण नेमके शून्यापाशी लागले तर कंडेन्सर हलके हलके भरतो. शेंड्यापाशी लागले तर एकदम. हा निव्वळ योगायोगाचा खेळ. जुन्या, लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या रेडिओची तऱ्हा मात्र नेमकी उलटी! तेथे दाब शून्यातून जाताना बटण लागले, तर लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरते आणि प्रवाह उसळतो.

हा लोंढा अडवण्यासाठी चांगल्या उपकरणात थर्मिस्टर नावाची एक काळी किंवा हिरवी टिकली बसवतात. थंड असताना तिचा रोध, समजा, दहा ओहम. मग ३२५ भागिले दहा, म्हणजे ३२ अँपिअरच्या वर लोंढा जाणार नाही. चालू प्रवाहाने ती तापते आणि तिचा रोध एका ओहमच्या खाली येतो. गोम आहे ती येथेच. वीज क्षणभर गेली आणि लगेच आली, तर टिकली अजून गरमच असते आणि कंडेन्सर मात्र रिकामा झालेला असतो. पहारेकरी झोपलेला आणि दार उघडे! सकाळी नीट चालू होणारे यंत्र वीज ये-जा करताना फ्यूज उडवत असेल, तर संशय प्रथम येथे घ्यावा. बंद केल्यावर चांगला मिनिटभर थांबून बटण लावावे. शिक्षकांनी संगणकाच्या खोलीत एवढी एकच सवय लावली तरी पुष्कळ फ्यूज वाचतील.

फ्यूज प्रत्येक वेळी उडत असेल, तर गोष्ट वेगळी. मग आपल्या गावच्या रेडिओवाल्याची जुनी युक्ती वापरावी: १०० वॅटचा तारेचा बल्ब उपकरणाच्या ओळीत, म्हणजे सिरीजमध्ये जोडावा. एलईडीचा बल्ब येथे चालत नाही. तारेचा बल्ब अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह टिकू देत नाही, म्हणून काही जळण्याची भीती कमी. बल्ब एकदा लखकन उजळून मंद झाला, तर कंडेन्सर भरला, पुरवठा ठीक. लख्ख जळतच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मुळीच उजळला नाही, तर वाट तुटली आहे. हा प्रयोग उपकरणावर भार न ठेवता करावा, आणि नंतर आत हात घालू नये. वायर काढल्यावरही कंडेन्सर शेकडो व्होल्ट धरून बसलेला असू शकतो.

हीच गोष्ट शेतावर मोठ्या मापाने घडते. तेथे कंडेन्सर नाही, मोटर आहे. पण थांबलेली मोटरही सुरू होताना चालू प्रवाहाच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. पाच अश्वशक्तीचा पंप चालताना साडेसात अँपिअर घेतो, सुरुवातीला पंचेचाळीस. ६३ केव्हीएच्या डीपीची ताकद सुमारे ८५ अँपिअर. तिच्यावरचे दहा पंप चालताना ७५ अँपिअर घेतात, सारे ठीक. पण गेलेली वीज रात्री परत आली आणि दहाही पंपांना ऑटो स्विच असले, तर एकाच क्षणी ४५० अँपिअरची मागणी! दाब कोसळतो. दाब सत्तर टक्क्यांवर आला की मोटरचा जोर निम्म्यावर येतो. मग ती वेग घेत नाही आणि सहापट प्रवाह ओढतच राहते. उष्णता वाढते ती सहापट नव्हे, छत्तीसपट. डीपी जळते ती अशी, आणि पीक वाळते ते डीपी बदलून येईपर्यंत. ऑटो स्विच लावू नका, असे महावितरण सांगत आले आहे. रात्री-अपरात्री विहिरीवर जावे लागते, साप-विंचवाचे भय असते, हे मला कळते. तरी ही सोय शेजाऱ्याच्या पिकावरची आहे. लावायचाच असेल तर वेळ लांबवणारा टायमर त्यात बसवावा आणि दहा जणांनी दहा निरनिराळे वेळ ठरवावेत.

राहिला एक चमत्कारिक प्रकार: यंत्र सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. सौर बॅटरीवर चालणाऱ्या शाळेत हा हमखास आढळतो. नव्या पुरवठ्याचा स्वभाव असा, की दाब कमी झाला तर तो प्रवाह वाढवून घेतो. ६० वॅटचे उपकरण बारा व्होल्टला पाच अँपिअर घेते, तर दहा व्होल्टला सहा. बॅटरीपासून अकरा मीटरवर एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली, तर जाऊन-येऊन रोध ०.४ ओहम होतो. प्रवाह वाढतो, तारेत दाब आणखी गळतो, पुन्हा प्रवाह वाढतो, आणि शेवटी उपकरणापाशी साडेनऊ व्होल्टच उरतात. दहाच्या खाली स्वतःला बंद करणारे उपकरण असेल तर ते थांबते. भार जाताच दाब पुन्हा बारा होतो आणि ते परत उठते. अशा वेळी मीटर बॅटरीला लावून काही कळत नाही. तो उपकरणाच्या टोकाला धरावा. तेथे काटा खाली येत असेल आणि बॅटरीपाशी स्थिर असेल, तर तार बारीक आहे. चार चौरस मिलिमीटरची घातली की साडेअकरा व्होल्ट पोचतात. दोन्हीकडे खाली येत असेल, तर बॅटरीच थकली आहे.