आपल्या नावाने पत्र कोण पाठवते?
ई-मेलच्या परीक्षणासाठी सेवा विकत घ्यावी की यंत्रणा स्वतः चालवावी?

गेल्या वर्षी वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी आमच्या जिल्ह्यातील काही सभासदांना संघटनेच्या नावाने एक ई-मेल आला. संघटनेचे बँक खाते बदलले असून वर्गणी नव्या खात्यात भरावी, असा त्यातील मजकूर होता. पाठवणाऱ्याच्या जागी संघटनेचाच पत्ता होता. त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. पाथर्डी तालुक्यातील एका ज्येष्ठ वैद्यांनी विश्वासाने रक्कम भरली आणि पावती न आल्यामुळे दूरध्वनी केला, तेव्हा हा प्रकार आमच्या ध्यानी आला. रक्कम मोठी नव्हती. परंतु "संघटनेचे पत्र आहे म्हटल्यावर शंका घेण्याचे कारणच नव्हते" हे त्यांचे शब्द आम्हास अधिक लागले.

त्याच आठवड्यात नेमकी उलट तक्रार आली. आम्ही पाठवलेली सभेची खरी सूचना संगमनेर व श्रीरामपूर येथील अनेक सभासदांच्या 'स्पॅम' कप्प्यात पडून होती. खोटे पत्र पोहोचले आणि खरे अडले. लक्षणे परस्परविरुद्ध असली तरी दोहोंचा हेतू एकच होता : आमच्या डोमेनच्या वतीने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणास आहे, हे आम्ही कोठेही नोंदवलेले नव्हते.

व्याधीचे स्वरूप

ई-मेलची मूळ रचना झाली तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय तीत नव्हती. टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय आले.

पहिला एसपीएफ. आमच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची यादी डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत ठेवली जाते. दुसरा डीकेआयएम. यात प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीने सांकेतिक स्वाक्षरी होते व घेणारा ती सार्वजनिक किल्लीने पडताळतो. तिसरा डीमार्क. ही योजना २०१२ साली पुढे आली व मार्च २०१५ मध्ये तिचा तपशील इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत प्रसिद्ध झाला. वाचकाला दिसणारा प्रेषकाचा पत्ता पहिल्या दोहोंपैकी निदान एका पुराव्याशी जुळतो की नाही, हे डीमार्क पाहते. न जुळल्यास काय करावे, हे डोमेनचा मालक आधीच सांगून ठेवतो : काही करू नये, संशयित म्हणून बाजूला ठेवावे, अथवा स्वीकारूच नये.

हा विषय आता केवळ मोठ्या उद्योगांचा राहिलेला नाही. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांस फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही उपाय बंधनकारक झाले; लहान प्रेषकांसही पहिल्या दोहोंपैकी एक आवश्यक ठरला. याहूनेही त्याच सुमारास तसाच नियम केला आणि मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये मोठ्या प्रेषकांसाठी तोच मार्ग धरला. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने '.बँक.इन' हे स्वतंत्र डोमेन ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ ही स्थलांतराची मुदत दिली होती. वैद्यांच्या संघटनांना व रुग्णालयांना मात्र अशी राखीव कुंपणे नाहीत. आपले कुंपण आपणच घालावयाचे आहे.

परीक्षण आधी, चिकित्सा नंतर

फसवणूक उघड झाल्यावर कार्यकारिणीत पहिली सूचना आली ती "स्वीकारूच नये" हा कडक आदेश तत्काळ लावण्याची. सूचना स्वाभाविक होती, परंतु घातक ठरली असती. रोगाची परीक्षा न करता शोधन देण्यासारखेच ते होते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनवर असाच कडक आदेश लावला, तेव्हा अनेक चर्चागटांतून पुढे जाणारी याहू सभासदांची प्रामाणिक पत्रेही जगभर अडली. कारण गटातून पुन्हा पाठवताना पत्राचा मार्ग बदलतो आणि पुष्कळदा मजकुरात भर पडून स्वाक्षरीही तुटते.

यास्तव डीमार्कमध्ये निरीक्षणाची पायरी आहे. "काही करू नये, फक्त कळवावे" असे सांगितले की पत्रे घेणाऱ्या मोठ्या संस्था साधारणपणे दररोज एक सारांश-अहवाल पाठवतात. आमच्या नावाने कोणत्या आयपी पत्त्यावरून किती पत्रे आली व पडताळणीत किती उतरली, एवढे त्यात असते. पत्रातील मजकूर नसतो. आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांस परिचित आहे. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, हे मोजून तेथे पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिके ठरवतात. येथेही क्रम तोच आहे.

अडचण इतकीच की हे अहवाल एक्सएमएल स्वरूपात व संक्षेपित फाइलींत येतात. आमच्या कार्यालयात असे तीन महिन्यांचे अहवाल न उघडता पडून होते. ते वाचून दाखवणारे साधन हवे होते आणि तेथे दोन मार्ग समोर आले.

तयार सेवा

डीमार्सियन, ईझीडीमार्क यांसारख्या कंपन्या अहवाल आपल्या पत्त्यावर घेतात आणि तक्ते व आलेख करून दाखवतात. ज्यांच्या डोमेनच्या नोंदी क्लाउडफ्लेअरकडे आहेत, त्यांस तेथे अशी प्राथमिक सोय विनामूल्य मिळते. अर्ध्या तासात काम सुरू होते. 'हा सर्व्हर अमुक कंपनीचा' अशी ओळख पटवून मिळते आणि नवा अनोळखी प्रेषक दिसल्यास सूचना देण्याची सोय असते.

तोटेही आहेत. शुल्क बहुधा परकीय चलनात व दरवर्षी असते. विनामूल्य योजनांत डोमेनची संख्या, पत्रांची संख्या अथवा जुन्या नोंदी ठेवण्याचा काळ यांवर मर्यादा असते. सेवा सोडली की पूर्वीचा इतिहासही बहुधा तेथेच राहतो.

स्वतःची यंत्रणा

पार्सडीमार्क हे मुक्तस्रोत साधन पेटीतील अहवाल उघडून त्यांची सुवाच्य नोंद करते. इलॅस्टिकसर्चसारखा साठा व ग्राफानासारखा फलक जोडल्यास तयार सेवेशी तुलना होईल असे चित्र मिळते. परवान्याचे शुल्क नाही, माहिती आपल्याच ताब्यात राहते आणि कितीही डोमेन जोडता येतात.

परंतु फुकट मिळालेल्या गाईलाही रोज चारा लागतो. सर्व्हरचे भाडे, पुरेशी स्मृती, सुरक्षेची अद्ययावतता, राखीव प्रत आणि मुख्य म्हणजे हे सारे पाहणारा मनुष्य, हा त्याचा खरा खर्च होय.

आमचा अनुभव

एका सभासदाच्या अभियंता चिरंजिवांनी आम्हास पार्सडीमार्क बसवून दिले. पहिल्याच महिन्यात त्याचा लाभ झाला. अहवालात दोन अनोळखी स्रोत दिसले. एक परदेशी सर्व्हर होता. त्याचा आमच्याशी काहीही संबंध नव्हता. दुसरा मात्र आमचाच निघाला. वर्गणीच्या पावत्या पाठवणारी जी सेवा आम्ही घेतली होती, तिचे नाव अधिकृत यादीत घालण्याचे राहून गेले होते. कडक आदेश पहिल्याच दिवशी लावला असता, तर आमच्याच पावत्या नाकारल्या गेल्या असत्या.

पुढे ते चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास गेले. काही आठवड्यांनी सर्व्हरवरील जागा भरली व नोंदी थांबल्या. फलकावर नवा दोष दिसत नव्हता, म्हणून सर्व ठीक आहे असे आम्ही समजत राहिलो. वस्तुतः नाडी पाहणारेच कोणी उरले नव्हते. दीड महिन्यानंतर हे उमगले. दोष साधनाचा नव्हता. परिचारकावाचून चिकित्सा चालेल हे आमचे गृहीतक चुकीचे होते. चिकित्सेच्या चतुष्पादात परिचारकाचे स्थान का आहे, हे आम्हास अशा रीतीने नव्याने समजले.

कोणी काय निवडावे?

१. ज्या संघटनेचे एकच डोमेन आहे व संगणक पाहणारा कायमचा मनुष्य नाही, तिने तयार सेवेच्या विनामूल्य अथवा अल्पखर्ची योजनेने आरंभ करावा.

२. ज्या महाविद्यालयात वा रुग्णालयात संगणक विभाग व निदान दोन जाणकार कर्मचारी आहेत, तेथे स्वतःची यंत्रणा परवडते. ती बंद पडल्यास कळवणारी सोयही सोबत करावी.

३. अनेक तालुका संघटनांनी मिळून एक यंत्रणा चालवणे शक्य आहे. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथे ही कल्पना कोणास अवघड वाटू नये.

४. मार्ग कोणताही असो, अहवालासाठी एकाहून अधिक पत्ते नोंदवता येतात. एक प्रत सेवेकडे व एक स्वतःच्या पेटीत जाऊ द्यावी, म्हणजे उद्या सेवा बदलली तरी इतिहास आपल्याकडे राहतो.

५. सारांश-अहवालांखेरीज अयशस्वी पत्रांचे स्वतंत्र अहवालही मागवता येतात. त्यांत पत्रातील तपशील येण्याचा संभव असल्याने रुग्णांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी ते मागवू नयेत.

६. सर्व अधिकृत प्रेषक ओळखल्यावरच प्रथम 'बाजूला ठेवावे' व नंतर 'स्वीकारू नये' अशा क्रमाने जावे.

या उपायांनी सर्व फसवणूक थांबेल, असे मात्र नव्हे. एखादे अक्षर बदललेले मिळतेजुळते डोमेन किंवा चोरलेला पासवर्ड यांवर डीमार्कचा इलाज नाही. खाते बदलल्याचे पत्र आल्यास दूरध्वनीने खात्री करणे हे पथ्य कायम पाळावयाचे आहे.

आम्ही सध्या तयार सेवा घेतली असून अहवालांची दुसरी प्रत स्वतःच्या पेटीत ठेवतो. दर सोमवारी फलक पाहून नोंदवहीत सही करण्याचे काम चिटणिसांकडे दिले आहे. दोन महिन्यांच्या स्वच्छ नोंदींनंतर कडक आदेश लावला. यंदाच्या सभेची सूचना पाथर्डीच्या त्या ज्येष्ठ वैद्यांस वेळेवर पोहोचली. तरीही त्यांनी ती खरी आहे ना, हे दूरध्वनी करून विचारले. आम्हास त्याचे वाईट वाटले नाही.