द्वेषाच्या बाजारातला आपला रुपया

मराठीत ‘बहिष्कार’ या शब्दाला दोन तोंडे आहेत. जातपंचायतीने किंवा गावाने एखाद्या कुटुंबाचे पाणी, किराणा आणि बोलणे तोडायचे, हा बलवंतांचा बहिष्कार. तो थांबवण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. दुसरा बहिष्कार दुबळ्यांचा. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, ती या वाटेवरची. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस शहर-बसमध्ये पाऊल ठेवले नाही, तेही याच वाटेवरचे. बसच्या प्रवाशांत बहुसंख्य तेच होते, त्यामुळे बस कंपनीचा गल्ला आटला. या दुसऱ्या जातीच्या बहिष्काराचे एक अलीकडचे उदाहरण मला तपासायचे आहे. त्यात गल्ला आटला नाही.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. अमेरिकाभर निदर्शने उसळली आणि समाजमाध्यमांवरील वंशद्वेषाचा प्रश्न ऐरणीवर आला. जूनमध्ये तिथल्या नागरी हक्क संघटनांनी ‘स्टॉप हेट फॉर प्रॉफिट’ ही मोहीम पुकारली. ‘एनएएसीपी’, ‘अँटी-डिफेमेशन लीग’, ‘कलर ऑफ चेंज’ या तिच्यातल्या प्रमुख संघटना. आवाहन साधे होते: जुलै महिनाभर फेसबुकला जाहिराती देऊ नका. नॉर्थ फेस, पॅटागोनिया यांच्यापासून सुरुवात झाली आणि हजाराहून अधिक जाहिरातदार सामील झाले. २६ जूनला युनिलिव्हरने अमेरिकेतील जाहिराती थांबवल्याचे जाहीर केले. त्या दिवशी फेसबुकचा समभाग आठ टक्क्यांहून अधिक घसरला.

मी कुठल्या विद्यापीठाचा संशोधक नाही. कंपन्यांचे ताळेबंद वाचण्याची सवय तेवढी जुनी आहे. २०१९ मध्ये फेसबुकचे उत्पन्न सुमारे ७,०७० कोटी डॉलर होते आणि त्यातले ९८ टक्क्यांहून अधिक जाहिरातींचे. आता बहिष्काराचे वर्ष पाहा. जुलै ते सप्टेंबर २०२० या तिमाहीत उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढले.

असे का झाले? वर्तमानपत्रात पानभर जाहिरात रद्द झाली की ते पान रिकामे राहते. इथे तसे होत नाही. आपण पडदा वर सरकवतो तेव्हा प्रत्येक रिकाम्या जागेचा क्षणार्धात लिलाव होतो. बडा बोलीदार उठून गेला तर भाव थोडा उतरतो आणि मागे उभा असलेला छोटा दुकानदार ती जागा घेतो. असे छोटे तेव्हा ८० लाख जाहिरातदारांत बहुसंख्य होते. पॅथमॅटिक्स या मापन करणाऱ्या कंपनीच्या अंदाजानुसार सर्वांत मोठ्या शंभर जाहिरातदारांचा वाटा उत्पन्नाच्या जेमतेम सहा टक्के होता. फेसबुकचा गल्ला बड्यांच्या नव्हे, छोट्यांच्या पैशावर चालतो.

भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेचा मी आजीव सभासद आहे. देणग्यांसाठी ती फेसबुकवर जाहिराती देते. त्या थांबवाव्यात असे पत्र मी कार्यकारिणीला दिले आहे. त्यावर पहिले उत्तर आले, ‘आपल्या चार पैशांनी त्यांना काय फरक पडणार?’ वरचा हिशेब हेच त्याला माझे उत्तर. चार-चार पैसे देणाऱ्या लाखो लोकांचे मिळूनच ते साम्राज्य उभे आहे.

दुसरे कारण आपल्या मातीतले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षेसाठी फिरणाऱ्या या माणसांवर मुले पळवणाऱ्या टोळीचा संशय घेतला गेला. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पसरल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या वेळी जाहिराती नव्हत्या, हे खरे; पण मालक एकच. आणि देशभर ओरड झाल्यावर तीनच आठवड्यांत कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. म्हणजे यंत्र बदलता येते. ते बदलायला कुणीतरी भाग पाडावे लागते. ज्या समाजाची मुले आपण सांभाळतो, त्याच समाजाच्या जिवावर उठणाऱ्या अफवा ज्या घरातून वाहिल्या, त्या घराला आपण देणगीदारांच्या पैशातून भाडे का द्यावे?

अमेरिकेतील बहिष्कार वायाच गेला असेही नाही. ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही असे म्हणणारा मजकूर काढण्यास मार्क झुकरबर्ग यांनी २०१८ मध्ये नकार दिला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली. हे श्रेय एकट्या बहिष्काराचे नाही, पण कारण जाहीर सांगून घेतलेल्या माघारीने कंपनीवरचा दबाव वाढला. म्हणून गुपचूप जाहिरात बंद करण्याला मी बहिष्कार म्हणत नाही. त्या वर्षी टाळेबंदीमुळे अनेक कंपन्यांनी खर्च असाही कापला होता. काटकसर आणि निषेध यांत फरक असतो तो जाहीर कारणाचा.

संस्थेच्या खजिनदारांचा आक्षेप मात्र मोलाचा आहे. वसतिगृहाचे धान्य देणग्यांतून येते आणि नवे देणगीदार पडद्यावरच भेटतात. म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. संस्थेचे पान राहू द्यावे, पैसे देणे सहा महिने थांबवावे. कारण लिहून कंपनीला आणि देणगीदारांना पाठवावे. जुन्या देणगीदारांना सभासदांनी स्वतः फोन करावेत. सहा महिन्यांनी हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. तूट आली तर ती आम्ही सभासदांनी वाटून घ्यावी. मुलांच्या ताटातून ती वळती होता कामा नये. बलवंतांच्या बहिष्कारात किंमत दुसरा मोजतो. दुबळ्यांच्या बहिष्कारात ती स्वतः मोजावी लागते. माँटगोमेरीची माणसे वर्षभर पायी चालली होती. आपल्याला सहा महिने फोन करायचे आहेत.