जुनं गाणं आणि वऱ्हाडातलं तरुणपण

अकोल्याच्या पानठेल्यावर तलत महमूदचं गाणं लागलं, की एखादा म्हातारा माणूस पैसे द्यायचे सोडून तिथंच थबकतो. मानसशास्त्रात याला उत्तर आहे. साधारण दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी म्हातारपणी सर्वांत जास्त वर येतात, कारण पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिल्यांदा गाव सुटणं हे सगळं त्याच काळात घडतं. त्या वेळी ऐकलेल्या चालीला हे प्रसंग चिकटून बसतात.

वऱ्हाडात ही चाल बहुधा रेडिओवरून आली. 1952 मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळं आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मग अमरावती-अकोल्याची पोरं शॉर्टवेव्हची सुई हलकेच फिरवत रेडिओ सिलोन शोधू लागली. आवाज मध्येच बुडायचा, खरखर व्हायची, तरी बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' चुकवायची नाही. रेडिओ सगळ्यांकडं नव्हता; ज्याच्याकडं होता त्याच्या ओसरीवर अख्खी आळी जमायची. 1957 मध्ये विविध भारती आली, तेव्हा कुठं आकाशवाणीनं ही गाणी पुन्हा जवळ केली.

मला वाटतं, या आठवणी एवढ्या दाट आहेत त्या अशा एकत्र ऐकण्यामुळं. म्हणून आजोबांना बोलतं करायचं असेल, तर त्यांच्या विशीतलं गाणं लावा आणि ते कुणाच्या ओसरीवर ऐकलं होतं, ते विचारा.