अडकित्त्यात सापडलेला पडदा

लॅपटॉप आता पुष्कळ शाळांमध्ये पोहोचला आहे आणि त्याबरोबर एक नेहमीचा अपघातही. चार्जरच्या तारेचे टोक कळफलकावर राहून जाते, कोणीतरी झाकण मिटते आणि बारीकसा ‘कट्’ असा आवाज येतो. उघडून पाहावे तर पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आणि शाई सांडल्यासारखा काळा डाग! झाकण मिटणारे मूल काकुळतीने सांगते, “मी जोर लावलाच नाही.” आपला त्यावर विश्वास बसत नाही. पण मूल बहुधा खरेच बोलत असते. हलक्या हाताने काच कशी फुटते, ते आपण पाहू.

पहिली गोष्ट तरफेची. सुपारी अडकित्त्याच्या मुठीकडे धरली तर कातरता येत नाही. बिजागरीकडे सरकवली की सहज कातरते. मिटणारा लॅपटॉप हा असाच दुसऱ्या प्रकारच्या तरफेचा नमुना आहे. बिजागरी हा टेकू, पुढच्या कडेवरचा हात हे बल आणि मध्ये सापडलेली वस्तू हा भार. समजा, झाकणाची रुंदी 24 सेंटिमीटर आहे आणि तारेचे टोक बिजागरीपासून 4 सेंटिमीटरवर आहे. म्हणजे बल सहापट झाले. हाताने 2 किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला तर टोकावर 12 किलोग्रॅमचा भार येतो.

दुसरी गोष्ट दाबाची. हेच 2 किलोग्रॅम तळहाताच्या 80 चौरस सेंटिमीटरवर पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 25 ग्रॅम पडतात. तारेच्या टोकाचे क्षेत्रफळ मात्र 0.2 चौरस सेंटिमीटर धरले, तर 12 किलोग्रॅमचा दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला 60 किलोग्रॅम, म्हणजे 2400 पट! आम्ही हे आकडे सोपे करून घेतले आहेत. प्रत्यक्षात झाकण थोडे वाकते, तारेचे प्लास्टिकही दबते. पण फरक किती मोठा आहे हे त्यावरून कळते.

तरीही काच का फुटावी? दाबाखाली काच चांगलीच मजबूत असते. ती कच खाते ती ताणाखाली. समोरून टोक रुतले की काच फळीसारखी वाकते. टोकाकडची बाजू दाबली जाते आणि मागची बाजू ताणली जाते. तडा तिथून सुरू होतो.

याचे कारण काचेच्या पृष्ठभागावर आहे. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म ओरखडे तिच्यावर असतातच. 1913 मध्ये इंग्लिस यांनी गणिताने दाखवून दिले की ताणलेल्या पत्र्याला गोल भोक असेल, तर त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो. भोक लंबगोल आणि ताणाला आडवे असेल, रुंदीच्या दहापट लांब असेल, तर टोकाशी ताण 21 पट होतो. ओरखडा तर याहूनही कितीतरी टोकदार असतो. 1921 मध्ये ब्रिटनमधील ग्रिफिथ यांनी याच वाटेने काच तिच्या रेणूंमधील बंधांच्या हिशेबाने असायला हवी तितकी बळकट का नसते, याचा उलगडा केला. लोखंडी पत्र्यात ओरखड्याच्या टोकाशी धातू किंचित सरकतो आणि ताण वाटला जातो. काचेला अशी सवलत नाही, म्हणून भेग क्षणात धावत सुटते. काच विकणारा दुकानदार याचाच उपयोग करतो. तो काच कापत नाही. हिरकणीने ओरखडा काढतो आणि हलकेच वाकवतो.

लॅपटॉपच्या पडद्यात अशा दोन पातळ काचा असतात. प्रत्येकीची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. दोहोंमध्ये केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतकी फट आणि तिच्यात द्रवस्फटिक भरलेला. काच तडकली की हा थर विस्कटतो, म्हणून काळा डाग. काचेवरचे सूक्ष्म विद्युतमार्ग तुटतात, म्हणून उभ्याआडव्या रेघा. पुष्कळदा वरून बोट फिरवले तर काहीच लागत नाही, कारण काचेवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. एकदा पडलेली भेग सांधता येत नाही, पडदाच बदलावा लागतो. म्हणून एका तारेची किंमत एवढी मोठी.

वर्गात हे दाखवायला काच नको, खडू पुरे. खडू दोन्ही टोकांना धरून ओढा. सहसा तुटत नाही. तो वाकवा, पटकन तुटेल. आता दुसऱ्या खडूवर नखाने आडवा ओरखडा काढा आणि ओरखडा बाहेरच्या बाजूला येईल असा वाकवा. कुठे तुटला? तिसरा खडू ओरखडा आतल्या बाजूला ठेवून वाकवा आणि तुलना करा. कोणती बाजू ताणली जाते ते मुले स्वतःच सांगतील.

नंतर पट्टी घेऊन शाळेतल्या लॅपटॉपचे झाकण मोजायला लावा: कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीवर तारेचे टोक राहिले तर बल किती पट होईल? हा हिशेब ज्या मुलांनी केला, ती झाकण मिटण्याआधी कळफलकावरून एकदा हात फिरवतील. सूचनाफलकावर ‘लॅपटॉप जपून वापरा’ असे लिहिण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल.