मुलांच्या हातातला डफ काढून घेऊ नका

आपल्या वस्तीतील मुलगा किंवा मुलगी कॉलेजात जाऊ लागली की सारे घर तिच्याकडे डोळे लावून बसते. वडिलांचा ओव्हरटाइम, आईची धुणीभांडी, फी, पासाचे पैसे हा सगळा हिशोब त्या एका पदवीसाठी असतो. अशा वेळी मुलगा म्हणतो, "आज नाटकाची तालीम आहे, उशीर होईल." बापाचे डोके फिरते. "नाटकं करायला पाठवलंय का तुला?" हा प्रश्न कित्येक घरांतून ऐकू येतो.

पालकांचा राग समजण्यासारखा आहे. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्याला एकेका तासाची किंमत ठाऊक असते. पण मी कॉमर्स शिकलेला कारकून माणूस. जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. तालमीचा तास आपण खर्ची टाकला. आता जमेची बाजूही पाहू या.

मनावरचे ओझे

आपली मुले कॉलेजात पुस्तकांबरोबर आणखीही बरेच ओझे वाहतात. इंग्रजीचा धसका, लांबलेली शिष्यवृत्ती, आडनाव विचारून बदलणाऱ्या नजरा आणि घरच्यांच्या अपेक्षा. यातले ती घरी काहीच सांगत नाहीत, कारण आईबाप आधीच थकलेले असतात. २०१६ साली हैदराबादमध्ये रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. मनात साठलेले कुठेतरी मोकळे झाले पाहिजे, हा चैनीचा विषय नाही.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग आणि त्यावेळच्या भावना लिहिल्या. लिहून झाल्यावर या दुसऱ्या गटाला लगेच हलके वाटले नाही, उलट मन जडच झाले. पण पुढील काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या.

२०१६ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढ व्यक्तींना ४५ मिनिटे चित्रे, मातीकाम, चिकटकाम करायला दिले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतील, ताणाशी संबंधित असलेल्या कॉर्टिसोल या द्रव्याचे प्रमाण कमी झाले. पूर्वी चित्रकला केली होती की नव्हती, याने फरक पडला नाही.

अभ्यासाचे काय? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगांत, नुसत्या लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा ज्या शब्दांचे चित्र काढले ते अधिक लक्षात राहिले. चित्र चांगले असण्याची गरज नव्हती. ऑक्सफर्डच्या संशोधकांना २०१५ साली आढळले की, एकत्र गाणाऱ्या गटांतील अनोळखी माणसे इतर वर्गांतील माणसांपेक्षा लवकर जवळ येतात. खेड्यातून शहरातील वसतिगृहात एकट्या आलेल्या मुलाला याचे मोल कळेल.

आपल्याला हे नवे नाही

भीमराव कर्डकांच्या जलशाने चळवळीचा विचार निरक्षर माणसाच्या काळजापर्यंत नेला. डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथे १९५५ साली प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. अभ्यासाच्या बाबतीत बाबासाहेबांइतका कडक माणूस कोण? तरीही त्यांच्या कॉलेजात रंगमंचाला जागा होती.

घरी काय करता येईल?

मुलाला एक साधी वही द्या आणि ती उघडून पाहू नका. धडा पाठ होत नसेल तर त्याचा तक्ता किंवा चित्र काढायला सांगा. विद्यापीठाचे विद्यार्थी विकास मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना, युवक महोत्सव यांची चौकशी करायला लावा. मुलींना तालमीहून परतायला उशीर होत असेल तर बंदी घालण्याऐवजी सोबतीची व्यवस्था करा. परीक्षेच्या महिन्यात तालीम कमी करावी, हे मात्र मुलांनीही समजून घ्यावे. वस्तीतील मंडळांनी अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ गाणे, कवितावाचन, पथनाट्य यांसाठी ठेवावी. खर्च काहीच येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. गाण्याने अडलेली शिष्यवृत्ती मिळत नाही आणि चित्राने जातीचा अपमान पुसला जात नाही. त्यासाठी अर्ज, तक्रार, संघटना हेच मार्ग आहेत. तसेच मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर कलेवर विसंबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते.

पालकांनो, आज मूल तालमीहून घरी आले की रागावण्याआधी ताट वाढा आणि विचारा, "तुझं काम काय आहे रे नाटकात?" कदाचित त्या उत्तरातून नाटकाबाहेरचेही बरेच कळेल.