गिगाहर्ट्‌झ, जीबी आणि वाट पाहणारा प्रोसेसर

दुरुस्तीच्या दुकानातून ‘सीपीयू घेऊन या’ असा निरोप आला की आपण टेबलाखालची पेटी उचलून नेतो. तिला सीपीयू म्हणायची सवय आपल्याकडे संगणकाच्या क्लासपासूनच लागते. खरं तर त्या पेटीचं नाव कॅबिनेट. तिच्यात मदरबोर्ड असतो, वीज पुरवणारा एसएमपीएस असतो, हार्ड डिस्क किंवा एसएसडी असते. सीपीयू म्हणजे प्रोसेसर हा मदरबोर्डवर पंख्याखाली बसवलेला, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा. या सवयीचा फटका ग्राहकालाच बसतो. ‘सीपीयू गेलाय’ असं कोणी सांगितलं, तर पैसे काढण्याआधी नेमका कोणता भाग गेला ते विचारावं. प्रोसेसर क्वचितच बिघडतो. संगणक सुरूच होत नसेल, तर एसएमपीएस आणि रॅमची पट्टी आधी तपासायला हवी.

प्रोसेसरला ‘संगणकाचा मेंदू’ म्हणतात, तेही मला पटत नाही. मेंदू लक्षात ठेवतो, प्रोसेसर जवळपास काहीच लक्षात ठेवत नाही. त्याचा नियंत्रण विभाग पुढची सूचना आणतो आणि तिचा अर्थ लावतो. अंकगणित आणि तर्क विभाग बेरीज-वजाबाकी करतो, दोन आकड्यांत मोठा कोणता ते ठरवतो. या क्षणी लागणारे आकडे रजिस्टरांत असतात. इंटेल आणि एएमडीच्या बहुतेक ६४ बिट प्रोसेसरांत प्रोग्रामला सर्वसाधारण कामासाठी अशी १६ रजिस्टरं मिळतात, प्रत्येक ८ बाइटांचं. म्हणजे एकूण १२८ बाइट. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात, तेव्हा या परिच्छेदातलं एखादं मध्यम लांबीचं वाक्यही त्यांत मावणार नाही. बाकी सगळं बाहेरून आणावं लागतं, आणि संगणक वेगवान वाटतो की मंद, हे बहुतेक वेळा या ने-आणीवरच ठरतं.

ही ने-आण किती महाग पडते, ते आकड्यांतच पाहायला हवं. ४ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे एका नॅनोसेकंदात चार ठोके पडतात. रॅमकडे, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या स्मृतीकडे, मागितलेली माहिती यायला मात्र साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीन-चारशे ठोके. एका नॅनोसेकंदाला एक सेकंद मानलं, तर प्रोसेसरच्या गाभ्याला, म्हणजे कोअरला, चिकटून असलेल्या कॅश या छोट्या वेगवान साठ्यातून माहिती सेकंदा-दीड सेकंदात मिळते, रॅममधून दीड मिनिटात, एसएसडीतून जवळपास एका दिवसानं आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून साडेतीन-चार महिन्यांनी. म्हणूनच प्रोसेसरच्या पोटात कॅश ठेवावी लागते. तिच्या एकेका बिटाला साधारणपणे सहा ट्रान्झिस्टर लागतात, तर रॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो. त्यामुळे कॅश वेगवान असली तरी जागा फार खाते, महाग पडते आणि काही एमबींवरच थांबते. जुना लॅपटॉप रखडतो म्हणून नवा घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं असतं की आधी आत हार्ड डिस्क आहे का ते बघा. असेल तर एसएसडी बसवून घ्या. प्रोसेसर तोच राहील, पण चार महिन्यांची वाट एका दिवसावर येईल.

‘जास्त गिगाहर्ट्‌झ म्हणजे जास्त वेग’ हा समज इंटेलनंच एके काळी जाहिरातींतून पोसला आणि पुढे त्यांनाच तो सोडावा लागला. पेन्टियम ४ हा २००० साली १.५ गिगाहर्ट्‌झपर्यंतच्या वेगानं बाजारात आला आणि २००४ मध्ये ३.८ वर पोहोचला. तिथे उष्णता आवरेना, आणि ४ गिगाहर्ट्‌झचा ठरलेला प्रोसेसर त्याच वर्षी रद्द झाला. २००६ चा कोअर २ ड्युओ ३ गिगाहर्ट्‌झच्याही खाली चालत होता, तरी कामात पेन्टियम ४ च्या बराच पुढे होता, कारण प्रत्येक ठोक्याला तो जास्त काम उरकत होता. आता तीच चढाओढ कोअरच्या संख्येवर आली आहे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच तिची मर्यादा मांडली होती: कामाचा चौथा हिस्सा एकापाठोपाठच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावले तरी ते काम चौपटीहून जास्त वेगानं होणार नाही.

मोबाइलच्या दुकानात तर ‘मेमरी’ हा शब्द कशालाही वापरतात. १२८ जीबी असते ती साठवण, फोटो आणि अ‍ॅप ठेवण्याची जागा. रॅम वेगळी, ६ किंवा ८ जीबी. खोक्यावर ‘८ + ८ जीबी’ लिहिलेलं असेल तर नीट पाहा. दुसरे ८ जीबी बहुधा साठवणीतूनच उसने घेतलेले असतात, आणि वरच्या हिशेबात दीड मिनिट कुठे आणि एक दिवस कुठे! त्यामुळे मागे पडलेली अ‍ॅप उघडी राहायला मदत होईल, पण खऱ्या रॅमची किंमत त्या आकड्याला देऊ नये.

रॅम ‘साफ’ करणारी अ‍ॅप मात्र सरळ काढून टाका. रिकामी रॅम काहीच काम करत नसते. अँड्रॉइड आणि विंडोज मोकळ्या रॅममध्ये पुन्हा लागू शकेल अशी माहिती मुद्दाम धरून ठेवतात, आणि गरज पडली की ती जागा स्वतःच मोकळी करतात. सक्तीनं बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा साठवणीतून आणावं लागतं, त्यात वेळही जातो आणि बॅटरीही.

वीज गेली की रॅम त्याच क्षणी कोरी होते, हेही पूर्ण खरं नाही. जतन न केलेलं काम जातं, कारण संगणक परत सुरू होताना रॅम नव्यानं भरली जाते. पण कपॅसिटरमधला विद्युतभार हळूहळू झिरपतो. डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या प्रत्येक ओळीला एरवी दर ६४ मिलिसेकंदांत नवसंजीवनी द्यावी लागते, तरी बऱ्याचशा पेशी त्याहून कितीतरी जास्त काळ तग धरतात. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो आणि पट्टी गोठवली तर काही मिनिटं. अशा रीतीनं त्यांनी कूटबद्ध डिस्कच्या किल्ल्या रॅममधून परत मिळवल्या. लॅपटॉप स्लीपवर असतो तेव्हा तर रॅमला वीज चालूच असते. तेव्हा ज्या लॅपटॉपवर रुग्णांचे, अशिलांचे किंवा बातमीच्या सूत्रांचे तपशील असतील, तो प्रवासात नुसता मिटून नेऊ नका. पूर्ण बंद करा आणि पहिली काही मिनिटं तो आपल्या नजरेसमोर ठेवा.